उसना घुमारा

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओटीवर एक लहानसा वाद झाला. विषय म्हटला तर अगदीच किरकोळ. आमची पुतणी चर्चच्या गायकवृंदात गिटार वाजवते. तिच्याजवळ दहा वॉटचा एक स्वस्त ॲम्प्लिफायर आहे. गिटारीपेक्षाही कमी किमतीचा. त्या पेटीत आम्ही आमच्या हातांनी प्रतिध्वनीची सोय बसवून दिली होती आणि त्या संध्याकाळी ती गायकवृंदाच्या जुन्या मास्तरांना मोठ्या कौतुकाने ऐकवीत होतो. मास्तरांची अर्धी हयात चर्चमध्ये हार्मोनियम वाजवण्यात गेली आहे. त्यांनी डोळे मिटून दोन गीते ऐकली, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "छान आहे. पण खोटं आहे."

एवढे बोलून ते छत्री घेऊन निघाले. आम्हांला प्रथम हसू आले, मग थोडा राग आला, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र तो शब्द चपलेत शिरलेल्या खड्यासारखा बोचू लागला. खोटे माणूस बोलतो. यंत्र खोटे कसे बोलेल? आणि त्या पेटीतून खरोखरच काही खोटे बाहेर पडत असेल, तर ते कोणाचे? पेटीचे, वाजवणाऱ्या मुलीचे, की ते आत झाळून देणाऱ्या आमचे?

आज आपल्या पुष्कळ घरांत एखादी गिटार असते. परंतु तिच्या शेजारी कोपऱ्यात उभी असलेली काळी पेटी नेमके काय करते, हे सहसा कोणी विचारीत नाही. गिटारीतून येणारा विजेचा संदेश अतिशय क्षीण असतो. पेटीचा पहिला भाग त्याला थोडे बळ देतो आणि खर्ज व टीप यांचा तोल साधतो; दुसरा भाग त्याला स्पीकरचा पडदा हलवण्याइतकी ताकद देतो. स्वस्त पेटीत याहून अधिक काही नसते. म्हणूनच तिचा आवाज कोरडा वाटतो. वादक मंडळीही त्याला 'ड्राय' असेच म्हणतात.

हा कोरडेपणा कानाला खुपतो, त्याला कारण आहे. निव्वळ आवाज आपण आयुष्यात क्वचितच ऐकतो. जे ऐकतो ते आवाज आणि त्याच्या भोवतीची जागा, असे दोन्ही मिळून. विहिरीत वाकून हाक मारणारे पोर असो की न्हाणीघरात गाणारा गृहस्थ असो, दोघांनाही स्वतःचाच आवाज आवडतो. कारण त्यात भिंतींचा वाटा असतो. चर्चमध्ये तर हा वाटा फारच मोठा. उंच छत, चुन्याचा गिलावा, दगडी फरशी या सगळ्यांवरून आपटत, परतत, विरत जाणारा तो घुमारा लहानपणापासून आपल्या कानांत इतका मुरलेला असतो, की गीत म्हटले की तो त्यात असणारच असे आपण धरून चालतो. आमच्या पुतणीला हवा होता तो हाच घुमारा. तिचा सराव चालतो तो पत्र्याच्या छपराखालच्या दहा बाय दहाच्या खोलीत. "काका, आवाजाला जरा मोठं घर मिळेल असं काहीतरी करून द्या," असे ती म्हणाली. तिचे शब्द आम्हांला इतके आवडले, की पुढचा विचार करायचे राहूनच गेले.

आवाजाला उसने घर देण्याची ही हौस नवी नाही. १९४७ साली शिकागोत बिल पुटनम नावाच्या ध्वनिमुद्रकाने हार्मोनिका वादकांच्या एका गाण्यासाठी चक्क न्हाणीघरात स्पीकर आणि मायक्रोफोन ठेवून घुमारा मिळवला. ते गाणे तुफान गाजले. त्याआधी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लांब पल्ल्याच्या टेलिफोनवर आवाज पोहोचायला लागणारा विलंब तपासण्यासाठी स्प्रिंगा वापरीत. आवाज स्प्रिंगेच्या एका टोकाला दिला की तो दुसऱ्या टोकाला उशिरा पोहोचतो, आणि तिथे आपटून परतही येतो. ही युक्ती लॉरेन्स हॅमंड यांनी आपल्या विजेच्या ऑर्गनसाठी उचलली. १९३५ पासून विकला जाणारा हा ऑर्गन पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या अनेक चर्चेसनी घेतला होता. पण ज्या चर्चची वास्तू लहान आणि मऊ गालिच्यांची, तिथे तो नीरस वाटे. मग वाद्याच्या कपाटातच स्प्रिंगा टांगून मोठ्या मंदिराचा भास निर्माण करण्यात आला. तिथून ही स्प्रिंग गिटारीच्या पेटीत आली. फेंडर कंपनीने १९६१ मध्ये तिची स्वतंत्र पेटी काढली आणि १९६३ च्या 'व्हायब्रोव्हर्ब' या ॲम्प्लिफायरमध्ये ती आतच बसवली. गंमत अशी, की त्याच वर्षी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेसंबंधीचा आपला दस्तऐवज जाहीर केला. पाइप ऑर्गनचा मान राखून, योग्य ठरतील अशा इतर वाद्यांनाही त्याने दार उघडले. त्या दारातूनच पुढे गिटार आपल्या मिस्सेत आली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी आमच्या पुतणीच्या हातातली गिटार आणि तिच्या पेटीतला घुमारा यांचे जन्मवर्ष असे एक निघावे, याची आम्हांला मौज वाटली.

आम्ही मात्र स्प्रिंगेच्या वाटेला गेलो नाही. तिची डबी लांबट असते, आणि लहान पेटीत ट्रान्सफॉर्मरशेजारी ठेवली की ती त्याची घरघर ओढून घेते. ग्रँट रोड स्थानकावर उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो आणि 'पीटी २३९९' नावाची चिप घेऊन आलो. तैवानमध्ये तयार झालेली, मुळात कराओकेच्या यंत्रांसाठी आखलेली ही चिप बोटाच्या पेराएवढी. तिला ५ व्होल्ट लागतात. आत येणारा आवाज आकड्यांत बदलून ती क्षणभर आपल्या स्मृतीत ठेवते आणि मग पुन्हा आवाज करून बाहेर सोडते. हा क्षण किती लांबवायचा, ते तिच्या सहाव्या पायाला जोडलेल्या रेझिस्टरवर ठरते. तो विलंब सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, म्हणजे सुमारे ३४० मिलिसेकंद, नेता येतो. त्यापलीकडे ताणले तर आवाज खरखरीत होतो.

शाळेत शिकलेले गणित आठवून पाहावे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. तेव्हा ३४० मिलिसेकंदांनी परतणारा प्रतिध्वनी म्हणजे सुमारे ५८ मीटर दूर असलेल्या भिंतीवरून आलेला प्रतिध्वनी. आमच्या गावच्या चर्चची लांबी त्याच्या निम्मीही नसेल. पेराएवढ्या चिपमध्ये एवढी दूरची भिंत! बांधायला ना गवंडी लागला, ना वर्गणी.

ती कुठे जोडायची, हा खरा प्रश्न. पेटीच्या पहिल्या आणि दुसऱ्या भागांमध्ये जो सांधा असतो, तिथे. आणि येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पुढे तिचे काम पडणार आहे. मूळ आवाजाचा मार्ग आम्ही तोडला नाही. तो होता तसाच सरळ पुढे जातो. त्यातला थोडा भाग वेगळा काढून चिपकडे पाठवायचा आणि तिने उशिरा परत केलेला आवाज मूळ आवाजात मिसळायचा, अशी ही रचना असते. प्रतिध्वनी मूळ आवाजाची जागा घेत नाही, त्याच्या मागून चालतो.

काम तीन रविवार चालले. पेटीतल्या विजेतून ५ व्होल्ट काढण्यासाठी तीन पायांचा एक रेग्युलेटर बसवला. पहिल्या रविवारी पेटी सुरू करताच कानात जाईल अशी बारीक शिट्टी ऐकू आली. चिपच्या आत सतत चालणाऱ्या ठोक्यांचा तो गळका आवाज होता. तिची आणि गिटारीच्या संदेशाची परतीची तार एकच असल्यामुळे तो सगळीकडे पसरत होता. चिपची तार उचलून थेट वीजपुरवठ्याच्या मोठ्या कपॅसिटरपाशी नेऊन झाळली, तेव्हा शिट्टी थांबली. घरघर मात्र थोडी उरली. एका परिचिताने सल्ला दिला, की प्लगची तिसरी पिन, अर्थिंगची, कापून टाका, सगळी घरघर जाईल. असे करणारे वादक आम्ही पाहिले आहेत. गिटारीच्या तारा त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात. आत काही बिघाड झाला तर वीज जमिनीत जाण्याऐवजी वाजवणाऱ्याच्या अंगातून जाईल. थोडी घरघर राहू दिली. ज्यांना असले काम करावयाचे आहे, त्यांनी प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते हे विसरू नये. जुन्या व्हॉल्व्हच्या पेट्यांत तर ती शेकडो व्होल्टची असते आणि जिवाशी खेळ होतो.

उरले होते एक लहानसे काम. घुमारा चालू-बंद करण्याचे बटण. त्यासाठी पेटीच्या दर्शनी पट्टीवर आणखी एक भोक पाडावे लागले असते. आधीच एक भोक नॉबसाठी पाडले होते आणि त्याच्या कडेचा रंग उडाला होता. शिवाय आम्हांला तो घुमारा इतका गोड लागला होता, की तो कोणाला बंद करावासा वाटेल ही कल्पनाच मनाला शिवली नाही. म्हणून बटण लावलेच नाही. किती प्रतिध्वनी मिसळायचा, ते ठरवणारा रेझिस्टर आमच्या कानाला रुचेल असा निवडला आणि कायमचा झाळून टाकला. नॉब फक्त विलंब लांबवण्या-आखूडण्यासाठी ठेवला.

मास्तरांच्या त्या शब्दावर विचार करू लागलो तेव्हा साहजिकच प्रथम संत ऑगस्टीन आठवले. कारण असत्यावर त्यांनी एक सोडून दोन ग्रंथ लिहिले आहेत. त्यांचा निवाडा कडक आहे. मनात एक ठेवून, फसवण्याच्या हेतूने दुसरेच बोलणे म्हणजे असत्य, आणि ते कोणाच्या कितीही भल्यासाठी असले तरी पापच. या मापाने मोजले तर आमची पेटी निर्दोष सुटते असे आम्हांला वाटले. फसवण्याचा हेतू कुठे आहे? मिस्सेला आलेल्या कोणत्याही माणसाची अशी समजूत होत नाही, की गिटार अचानक एखाद्या महामंदिरात नेऊन ठेवली. आणखी एक आधार मिळाला. बाप्तिस्मा घेण्यापूर्वी, ३८६-८७ च्या सुमारास, ऑगस्टीन यांनी स्वतःच्याच बुद्धीशी केलेला एक संवाद लिहून ठेवला आहे. त्यात ते म्हणतात, की चित्रातला घोडा खोटा घोडा असल्यावाचून ते खरे चित्र होऊ शकत नाही. आणि नट रंगभूमीवर खोटी राणी होतो म्हणूनच तो खरा नट ठरतो. मग आमची चिप खोटी भिंत असेल, पण खरे वाद्य का असू नये? आम्ही हा युक्तिवाद तयार ठेवला आणि पुढच्या रविवारी मिस्सेनंतर मास्तरांना चर्चच्या पायऱ्यांवर गाठले.

मास्तरांनी तो शांतपणे ऐकला. त्यात भर म्हणून आम्ही आपल्याच मातीतले उदाहरण दिले. "मास्तर, सतारीला तरफेच्या तारा असतात. त्या कोणी छेडत नाही. वरची तार वाजली की त्या आपोआप झंकारतात. तोही वाद्यातच बसवलेला घुमारा नव्हे काय? त्याला तुम्ही खोटं म्हणाल?"

मास्तर म्हणाले, "तरफेची तार कधी बोलते? वरचा सूर तिच्या सुराला मिळाला तरच. सूर चुकला की ती गप्प बसते. तुमची चिप गप्प बसते का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. अनुनादाचा नियमच तसा आहे. तरफेच्या तारा बसवणाऱ्याने घुमारा तर दिलाच, पण त्याबरोबर एक परीक्षकही वाद्याच्या पोटात ठेवला. आमच्या चिपला खरे-खोटे, सूर-बेसूर सारखेच. किंबहुना चुकीवर पांघरूण घालण्यातच ती अधिक तरबेज. गिटारवर एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर जाताना नवशिक्याची बोटे अडखळतात, मध्ये एक पोकळी राहते. ती पोकळी मागच्या स्वराच्या प्रतिध्वनीने भरून निघते. ऐकणाऱ्याला कळत नाही. वाजवणाऱ्यालाही हळूहळू कळेनासे होते.

ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात चर्चमधील गायनाविषयीची आपली घालमेल लिहून ठेवली आहे. गायनाने त्यांचे डोळे भरून येत. श्रद्धेच्या आरंभीच्या दिवसांत त्या गीतांनी आपल्याला किती दिले, हे ते विसरत नाहीत. तरीही गीतातील आशयापेक्षा गाणाऱ्याचा आवाजच आपल्याला हलवून गेला असे लक्षात येई, तेव्हा ते स्वतःला अपराधी समजत आणि गाणे ऐकलेच नसते तर बरे, असे त्यांना वाटे. अलेक्झांड्रियाचे संत अथानासियस स्तोत्रे इतक्या कमी चढउतारांत म्हणायला लावीत, की ते गाण्यापेक्षा बोलणेच वाटे. हेही त्यांनी तिथे नोंदवले आहे. पण अखेरीस ते गायनाला परवानगी देतात, भीत भीत का होईना. हा माणूस आम्हांला नेहमीच जवळचा वाटतो तो अशा जागी. निकाल देतानाही तो मनातली शंका पुसून टाकीत नाही.

शंका आमचीही पुसली गेली नाही. पण पेटी तशीच राहिली. कारण मुलगी खूष होती, आणि खरे सांगायचे तर आम्हीही.

चर्चमधला घुमारा आणि चिपमधला घुमारा यांत खरा फरक कुठे आहे, याचा उलगडा आम्हांला झाला तो एका अमेरिकन प्राध्यापकामुळे. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एक नवे व्याख्यानगृह बांधले गेले आणि त्यात वक्त्याचे शब्द एकमेकांत असे मिसळत, की काही कळेना. ते दुरुस्त करण्याचे काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आले. त्यांनी रात्रीच्या निःशब्द वेळी ऑर्गनची एक नळी वाजवून, तिचा आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजले. जवळच्या नाट्यगृहातून खुर्च्यांच्या गाद्या आणून एकेक करीत पसरल्या आणि पुन्हा मोजले. घुमारा किती टिकणार, ते जागेच्या आकारमानावर आणि आतल्या वस्तू किती आवाज शोषतात त्यावर ठरते, हे त्यांनी सिद्ध केले. शोषणाचे माप म्हणून त्यांनी उघडी खिडकी घेतली. तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. आणि गाद्यांप्रमाणे त्यांनी माणसेही मोजली. माणूसही आवाज शोषून घेतो. त्याचे कपडे, त्याचे अंग.

हे वाचले आणि लहानपणापासून ऐकत आलेली एक गोष्ट प्रथमच समजली. आठवड्यातल्या सकाळी, चारपाच म्हाताऱ्या बाया बाकांवर असताना, चर्चमध्ये नुसती खोकल्याची उबळही घुमते. सणाच्या मिस्सेला, माणसे दारापर्यंत उभी असताना, तोच गायकवृंद, तेच गीत, पण घुमारा कितीतरी आखूड. कुठे गेला? माणसांनी घेतला. आलेल्या प्रत्येकाने त्यातला थोडा थोडा आपल्या अंगात घेतला. चर्चचा घुमारा हा अशा रीतीने जमलेल्या माणसांचा जबाब असतो. कोण आले, किती आले, पावसात भिजून आले की कोरडे आले, हे सगळे त्यात उतरते. चिपला यातले काही ठाऊक नसते. रिकाम्या खोलीत ती जो घुमारा देते, तोच लग्नात देते, तोच मयताला देते. समोर कोण आहे ते न पाहता सर्वांशी एकाच गोड स्वरात बोलणारी माणसे असतात ना, तशी. त्यांना आपण सहसा खोटारडे म्हणत नाही. पण त्यांच्या बोलण्यावर विसंबून राहत नाही, हेही तितकेच खरे.

२ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आमच्या धर्मग्रामात संध्याकाळची मिस्सा दफनभूमीत होते. त्या वर्षी आमच्या आईची कबर नवी होती. माती अजून पुरती बसलीही नव्हती. कबरींवर मेणबत्त्या लागल्या होत्या, झेंडूची फुले होती, गवत दवाने ओले झाले होते. लांबलचक वायर ओढून पुतणीची पेटी एका झाडाखाली ठेवली होती. मास्तर हार्मोनियम घेऊन तिच्या शेजारी बसले होते.

प्रवेशगीत सुरू झाले आणि आमच्या अंगावर काटा आला. दफनभूमी म्हणजे सॅबिन यांच्या हिशेबाने एक सबंध उघडी खिडकी. वर आकाश. माणसांचे आवाज ओठांतून निघत होते आणि अंधारात निघून जात होते. परतून काही येत नव्हते, आणि त्या संध्याकाळी तसेच असणे योग्य होते. फक्त गिटार तेवढी कुठल्यातरी भव्य दालनात वाजत होती. स्वर उमटे आणि तिथे नसलेल्या भिंतीवरून परत येई. आमच्या आईच्या मातीसमोर तो आवाज असा काही परका, असा चढेल वाटला, की आम्ही मान खाली घातली. पुतणीलाही ते जाणवले असावे. तिने खाली वाकून नॉब फिरवला. भिंत जवळ आली, पण गेली नाही. कशी जाणार? जाण्याची वाट आम्ही ठेवलीच नव्हती. तिने आमच्याकडे एकदा पाहिले. मग गीत संपताच गिटारीची वायर उपटून बाजूला टाकली.

स्तोत्राला ती नुसत्या लाकडावर वाजवू लागली. तिचे वाजवणे आम्ही कित्येक महिन्यांत असे उघडे ऐकले नव्हते. बोटे अडखळत होती. कॉर्ड बदलताना मधल्या पोकळ्या स्पष्ट ऐकू येत होत्या; ताल मागे पडत होता. चार महिन्यांपूर्वी ती याहून बरी वाजवीत असे, हे आम्ही खात्रीने सांगू शकतो. गाणारे गोंधळले. आजीच्या कबरीसमोर, सगळ्या गावादेखत, त्या मुलीचा चेहरा मेणबत्त्यांच्या उजेडात उतरत गेलेला आम्ही पाहिला. तेव्हा मास्तरांनी हार्मोनियमचा भाता थांबवला आणि उजव्या तळहाताने तिच्या झाकणावर ताल धरला. एक, दोन, तीन, चार. स्तोत्र संपेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. तिने हळूहळू त्या हाताला धरले आणि गाणाऱ्यांनी तिला.

घरी येईपर्यंत कोणी बोलले नाही. जेवताना ती एवढेच म्हणाली, "काका, मला वाटत होतं मी चांगली वाजवते." तिच्या सुरात आमच्याविषयी तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते.

खोटे कोणाचे, हा प्रश्न मग आमच्यापुरता सुटला. चिप खोटी नव्हती. ती कराओकेसाठी केलेली, सांगितले ते करणारी वस्तू. मुलगीही खोटी नव्हती; तिने कधी काही लपवले नाही, कारण लपत आहे हे तिला माहीतच नव्हते. बाहेरून लावायचे उपकरण असते, पायाने दाबायचे, तर दर वेळी दाबताना तिला कळले असते की आपण आवाजावर अलंकार घालीत आहोत. अलंकार घालण्यात पाप नाही. आम्ही तिच्या आवाजावर अलंकार घातला नाही. तो कातडीत शिवून टाकला आणि शिवण दिसू नये म्हणून पट्टीवर दुसरे भोक पाडायचे टाळले. तिच्या वतीने निवड करून टाकली, आणि तिला निवड होती हेच तिच्यापासून दडवले. हे आम्ही फसवण्याच्या हेतूने केले नव्हते, म्हणजे ऑगस्टीन यांच्या व्याख्येत ते बसणार नाही. पण पुढच्या शनिवारी धर्मगुरूंसमोर आम्ही ते सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. मग, ॲम्प्लिफायर कोणता, असे त्यांनी विचारले. तेही तरुणपणी गिटार वाजवीत.

मास्तरांचे मत अजूनही आम्हांला पूर्ण पटत नाही. उसना घुमारा मुळातच वर्ज्य मानला तर मायक्रोफोनही वर्ज्य होईल. आणि पत्र्याखालच्या त्या खोलीत एका मुलीला महिनोनमहिने गिटारीपाशी बसवून ठेवले ते याच घुमाऱ्याने, हे कसे नाकारायचे? आवड लागायलाही कशाचा तरी टेकू लागतो. टेकू वाईट नसतो. तो घरात किती दिवस उभा ठेवायचा आणि कोणाच्या हाताने काढायचा, एवढेच ठरवायचे असते.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी आम्ही पेटी पुन्हा उघडली. या खेपेस पुतणी शेजारी बसली होती. कोणती तार कुठे जाते हे तिला दाखवीत गेलो. मूळ आवाज सरळ जातो तो मार्ग तिने बोटाने गिरवून पाहिला. "म्हणजे माझा आवाज मध्ये कुठे तुटतच नाही?" तिने विचारले. तुटत नाही, असे सांगितल्यावर ती बराच वेळ त्या एका तारेकडे पाहत राहिली. कायमचा झाळलेला रेझिस्टर काढून तिथे शून्यापर्यंत उतरणारा नॉब बसवला. पट्टीवर भोक तिने स्वतः पाडले. ड्रिल थोडे सरकले आणि रंगावर एक ओरखडा उमटला, तो आहे. त्या भोकात एक छोटे खटक्याचे बटण बसवले. वर केले की घुमारा चालू, खाली केले की बंद.

सराव ती आता बटण खाली ठेवून करते. ऐकवत नाही असे काही आठवडे गेले. मास्तर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, हार्मोनियम न आणता. ओटीवर बसून मांडीवर ताल धरतात, चहा घेतात. पेटीविषयी ते काही बोलत नाहीत, आम्हीही विचारीत नाही.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला आम्ही गायकवृंदाच्या मागच्या बाकावर जागा धरली होती. चर्च हळूहळू भरत होते. शाली पांघरलेल्या बाया, पेंगुळलेली पोरे, दारापाशी उभी राहिलेली तरुण मंडळी. घंटा झाली. पुतणीने आधी मागे वळून त्या गर्दीवरून सावकाश नजर फिरवली, मग पेटीकडे वाकली. बटणाची टिक् ऐकू आली. वर केले की खाली, ते आम्हांला बाकावरून दिसले नाही.